शंभर टक्क्यांची सवय

वसईजवळच्या गिरीजच्या तुळशीदास चुरी यांनी आपल्या विजेवरच्या गाडीची बॅटरी जवळजवळ पाच वर्षं रोज शंभर टक्के भरली. एक दिवस चुकवला नाही. हीच चूक होती, हे त्यांना मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी, नायगावच्या एका अनोळखी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलं.

तुळशीदास चौसष्ट वर्षांचे आहेत. घरची अडीच एकर वाडी आहे: केळी, नारळ, कडेने अळू आणि थोडी भाजी. वाडीत वाढलेल्या माणसाचा दिवस विजेच्या येण्याजाण्यावर बेतलेला असतो. लाईट आली की हातातलं काम टाकून पंप लावायचा आणि विहिरीजवळची सिमेंटची टाकी काठोकाठ भरायची. पुढे लाईट कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून अर्धी टाकी ठेवून झोपणाऱ्याला गावात आळशी म्हणत. दुसरा नियम विहिरीचा. ती तळापर्यंत उपसायची नाही. समुद्र फार लांब नाही. वरचं गोडं पाणी संपलं की खालून खारं चढतं आणि केळीची पानं कडेने करपायला लागतात. विहीर उपसू नये आणि टाकी अर्धी ठेवू नये, हे दोन्ही नियम तुळशीदासांनी वडिलांकडून घेतले आणि पन्नास वर्षं पाळले.

गाडी मुलाने घेतली. केयूर तेव्हा ठाण्याला नोकरीला होता. आठ महिन्यांत त्याला बंगळुरूला चांगली जागा मिळाली, तो गेला आणि गाडी गिरीजला राहिली. जाताना त्याने वडिलांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. बॅटरी वीस टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही आणि रोजच्या वापराला ऐंशीच्या वर भरायची नाही. पहिली गोष्ट तुळशीदासांना लगेच पटली, कारण ती विहिरीसारखी होती. दुसरी पटली नाही. घरात टाकी भरण्याचं खातं त्यांच्या पत्नीकडे, द्वारकाबाईंकडे होतं. त्यांनी तर सरळच विचारलं होतं, भरल्याने टाकी फुटते का कुठे? मग रोज संध्याकाळी प्लग लागायचा आणि सकाळी निघायचा.

तेव्हा गाडी फार चालतही नसे. बाजारहाट, बँक, एखादं लग्न. संध्याकाळी मीटरवर ब्याण्णव-त्र्याण्णव असायचे, ते रातोरात शंभर व्हायचे. मग दिवसभर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तापत उभी. या जातीच्या बॅटरीची सर्वांत जास्त झीज याच अवस्थेत होते, पूर्ण भरलेली आणि गरम असताना. ती झीज दिसत नाही आणि तिचा आवाजही होत नाही. मीटर रोज सकाळी शंभरच दाखवतो, फक्त ते शंभर दर वर्षी थोडे लहान झालेले असतात.

तीन वर्षांपूर्वी द्वारकाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिली दोन वर्षं वसईतच सोय होती. तिथली मशीनं कमी झाली तेव्हा त्यांचं नाव यादीतून गेलं आणि जागा मिळाली ती थेट गोरेगावच्या एका रुग्णालयात. घरापासून शेहेचाळीस किलोमीटर. वसई-विरारमधल्या दोन केंद्रांत त्यांचं नाव प्रतीक्षायादीत आहे. तिथून अजून फोन आलेला नाही.

डायलिसिसनंतर द्वारकाबाईंचा रक्तदाब उतरतो, मळमळ सुटते. सुरुवातीला भाड्याच्या गाड्या करून पाहिल्या. त्यातल्या गॅसच्या वासाने त्यांना प्रत्येक खेपेला उलटी झाली. रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. विजेच्या गाडीला वास नाही, थरथर नाही. त्यांनी नवऱ्याला एकदाच सांगितलं की या गाडीतून येईन, दुसऱ्या कशातून येणार नाही. त्यामुळे बॅटरीत किती किलोमीटर उरले आहेत हा चुरींच्या घरात उपचाराचाच भाग झाला होता. गाडी नवी होती तेव्हा एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जायची. आता जाऊन-येऊन ब्याण्णव किलोमीटरनंतर घरी पोचताना मीटरवर वीस-बावीस उरत. तुळशीदास म्हणत, जुनी झाली.

त्या मंगळवारी डायलिसिस संपल्यावर द्वारकाबाईंना चालवेना. त्या तासभर गाडीतच आडव्या राहिल्या. गाडी सकाळपासून रुग्णालयाच्या उघड्या आवारात तापलेली, म्हणून एसी पूर्ण वेळ चालू होता. मग वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या अलीकडे रस्ता अडीच तास तुंबला. तिथेही एसी चालू. पूल ओलांडताना मीटरवर अकरा टक्के होते. तुळशीदासांनी एसी बंद केला आणि काचा उतरवल्या. बापाण्याहून नायगावकडे वळेपर्यंत गाडीने स्वतःहून वेग कमी केला. द्वारकाबाईंना खिडकीतून दोनदा उलटी झाली. नायगावच्या नव्या टॉवरांच्या रांगेशी तीन टक्के उरले, तेव्हा तुळशीदासांनी पहिलं दिसलेलं फाटक गाठलं.

रखवालदार आत सोडेना. चार्जर फक्त सभासदांसाठी होता. तेवढ्यात विनिता पाटणकर नावाच्या बाई दुकानातून परतत होत्या. त्यांनी गाडीतल्या बाईकडे पाहिलं आणि रखवालदाराला फाटक उघडायला लावलं. त्यांच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये प्लग होता आणि योगायोगाने गाडीही याच कंपनीची. द्वारकाबाईंना लिफ्टसमोरच्या सोफ्यावर निजवलं. पायाशी कोणीतरी बादली आणून ठेवली.

प्लग लावताना विनिताबाईंनी सहज विचारलं की रोज कितीपर्यंत भरता.

"शंभर," तुळशीदास म्हणाले. "रोज. कधी चुकवलं नाही."

विनिताबाईंनी प्लग नीट बसवला. मग म्हणाल्या, "काका, माझीही पाच वर्षांची आहे. अजून एकशे ऐंशी जाते."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते केयूरने सांगितलं होतं तेच होतं. दीड तास चार्ज झाल्यावर नऊ किलोमीटरवरचं घर गाठण्याइतकी बॅटरी झाली. तोवर खेळून परतणारी मुलं, त्यांच्या आया, कुरियरवाले सोफ्यावरून नजर फिरवत लिफ्टमध्ये शिरत होते. द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण त्या जाग्या होत्या. घरी उतरताना त्या म्हणाल्या, "मी आता येणार नाही." आवाज चढलेला नव्हता.

बुधवारी सकाळी तुळशीदास गाडी घेऊन भुईगावला जॅक्सनकडे गेले. जॅक्सन तिशीचा आहे. वडील पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचे, त्याच शेडमध्ये तो आता विजेच्या स्कूटर आणि गाड्या दुरुस्त करतो. त्याने स्टीअरिंगखाली एक लहानसं यंत्र खोचलं आणि मोबाइलवर आकडे पाहत बसला. चार्जिंगचा सगळा इतिहास गाडीनेच सांभाळून ठेवला होता. बॅटरीची ताकद मूळच्या चौऱ्याहत्तर टक्के उरली होती.

"काका, तुम्ही हिला पाहुण्यासारखं वाढलंत," तो म्हणाला. "ती नको नको म्हणत होती, तुम्ही आग्रह करत होता."

गेलेलं परत येत नाही, हे त्याने आधीच स्पष्ट केलं. उरलेलं टिकवता येतं. त्यासाठी त्याने ज्या सवयी सांगितल्या त्यांत अवघड असं काही नाही. एरवी ऐंशीला थांबायचं. लांब जायचं त्याच दिवशी शंभर, तेही निघायच्या वेळी पूर्ण होईल अशा बेताने, आदल्या रात्री नव्हे. भरलेली गाडी उन्हात ठेवायची नाही. लांबून आल्यावर बॅटरी गरम असते, ती निवल्याशिवाय प्लग लावायचा नाही. झटपट चार्जर अडचणीलाच, घरचा सावकाश भरणारा प्लग बरा. चार दिवस गाडी काढायची नसेल तर निम्मी ठेवायची. काही गाड्यांत वेगळ्या जातीची बॅटरी येते, तिला अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात. ही त्यातली नाही. आणि उन्हाळ्यात निघण्यापूर्वी, प्लग लागलेला असतानाच, एसी लावून गाडी थंड करून घ्यायची, म्हणजे तो खर्च बॅटरीतून जात नाही.

तुळशीदासांनी हे सगळं केळीच्या व्यापाऱ्याच्या जुन्या कॅलेंडरमागे लिहून घेतलं. दर वाक्यानंतर ते मान हलवत होते.

त्याच संध्याकाळी त्यांचा पुतण्या मयूर आला. मयूर वसईत विम्याचं काम करतो, छापील अटी वाचणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे. त्याने गाडीचं पुस्तक मागवलं, शेवटची पानं चाळली आणि त्याला पाहिजे ते सापडलं. बॅटरीला आठ वर्षांची हमी होती. त्या मुदतीत ताकद सत्तर टक्क्यांखाली उतरली तर कंपनी बॅटरी बदलून देणार होती.

"काका, चारपाच टक्केच राहिलेत," मयूर म्हणाला. "पाच वर्षं एवढी मेहनत केलीत, आता शेवटी कशाला हात आखडता घेता?"

त्याने जॅक्सनला तिथूनच फोन लावला. भरभरून उन्हात ठेवली तर किती दिवसांत उतरेल? जॅक्सनने आधी शिवी दिली, मग म्हणाला की हा उन्हाळा आणि कदाचित पुढचा. मयूरला ते पुष्कळ जवळ वाटलं. मुदतीला अडीच वर्षं होती. नवी बॅटरी स्वतः घेण्याची चुरींची ऐपत नाही, हे काका-पुतण्या दोघांनाही माहीत होतं. मधल्या काळात काकीने कशातून जायचं, याचं उत्तर मयूरकडे होतं. तो म्हणाला, एखादी चांगली गाडी ठरवू. त्या गाड्यांतल्या उलट्या त्याने पाहिल्या नव्हत्या.

तुळशीदासांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गुरुवारी सकाळी मात्र मीटरवर शंभर आल्यावर त्यांनी गाडी शेडमधून काढून अंगणात, जिथे दिवसभर ऊन असतं तिथे लावली. तो डायलिसिसचा दिवस होता. द्वारकाबाई उठल्या नाहीत. त्यांना कोणी उठवायला गेलं नाही. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. तुळशीदास वाडीत जाऊन केळीची सुकलेली पानं कापत राहिले.

शुक्रवारी सकाळी द्वारकाबाईंच्या पायांत चपला शिरेनात. पावलं सुजली होती. रात्री आडवं झालं की दम लागत होता, म्हणून त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या होत्या. पाणी प्यायला धास्ती वाटे, त्या बर्फाचा खडा तोंडात धरून ठेवत.

दुपारी चारला मर्लिनचा फोन आला. मर्लिन त्या रुग्णालयात डायलिसिसची नर्स आहे, मूळची वसईकडचीच. तिने आढेवेढे न घेता सांगितलं की लागोपाठ दोन वेळा चुकवणं डॉक्टरांना चालणार नाही, शरीरालाही नाही. शनिवारी आल्या नाहीत तर ती जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, मागे अकराजण थांबलेत. फोन स्पीकरवर होता.

"देऊन टाक गं," द्वारकाबाई ओटीवरून म्हणाल्या.

उद्या सातपासून माझी ड्युटी आहे, एवढंच म्हणून मर्लिनने फोन ठेवला.

तुळशीदास बराच वेळ बसून होते. मग उठून अंगणात गेले. दोन दिवसांच्या उन्हाने गाडीच्या पत्र्याला हात लागत नव्हता. मीटरवर शंभर. त्यांनी ती फणसाखाली सावलीत नेली, चारही दारं उघडली आणि एसी पूर्ण जोरावर लावला, दिवेही लावले. बॅटरी ऐंशीपर्यंत उतरवायला त्यांना तेवढाच मार्ग सुचला.

ओटीवरून द्वारकाबाई पाहत होत्या. "रिकाम्या गाडीत एसी कोणासाठी लावलाय?"

ते पायरीवर येऊन बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. भरलेली बॅटरी तापली की झिजते. केयूरने सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. गाडी जुनी झाली नव्हती, आपण ती बिघडवली. मंगळवारी जे झालं ते त्यामुळे झालं. मग हमीचं सांगितलं, मयूरचं सांगितलं. कालपासून गाडी उन्हात का होती, तेही.

"मुद्दाम?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मुद्दाम."

"नवी मिळेल म्हणून."

"हो."

"आणि ती मिळेपर्यंत?"

गाडीचा पंखा घरघरत होता.

"माझ्या मनात आलं होतं, तू येणारच नाहीस तर गाडी सांभाळायची कोणासाठी," ते शेवटी म्हणाले.

द्वारकाबाईंनी बर्फाचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. मग म्हणाल्या, "सगळं आपल्या नावावर घेऊ नका. प्लग मी लावत होते. तुम्ही तर आठ वाजता घोरायला लागता." केयूर फोनवर चिडला होता तेव्हा त्याला हो हो कोणी म्हटलं आणि पुन्हा प्लग कोणी लावला, हेही त्यांना आठवत होतं. ते त्यांनी तारीख सांगावी तशा सुरात सांगितलं.

त्यानंतर बोलणं आकड्यांवर आलं. तुळशीदासांनी कॅलेंडरचा कागद आणला. ऐंशीवर रात्र काढायची. पहाटे प्लग लावून सहाला शंभर, निघताना गाडी थंड केलेली. रुग्णालयाच्या तळघरात, पास मागून का होईना, सावलीची जागा घ्यायची. डायलिसिसनंतरची विश्रांती गाडीत नाही, वॉर्डमध्ये घ्यायची, मर्लिनला सांगून. रस्त्यात एसी सव्वीसवर. एवढं केलं तर घरी येताना वीस टक्के राहायला हवेत.

"त्या बाईच्या सोफ्यावर मला पुन्हा निजायचं नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "बाई चांगली होती. पण नाही."

"कळलं."

"आणि रस्ता तुंबला तर?"

"तर थांबावं लागेल," तुळशीदास म्हणाले. त्यांनी दुसरं काही कबूल केलं नाही.

गाडीतला आकडा ऐंशीवर आला तसे ते उठून एसी बंद करून गाडी शेडमध्ये लावून आले. द्वारकाबाईंनी विचारलं, "प्लग किती वाजता लावायचा?"

"चारला."

"मला उठवू नका. मी जागीच असते."

शनिवारी चारला प्लग त्यांनीच लावला. सुजलेल्या पायांत तुळशीदासांच्या चपला घालून त्या शेडपर्यंत गेल्या आणि भिंतीला धरून परत आल्या. गाडी सहाला सुटली. रुग्णालयात त्यांच्या अंगातून नेहमीपेक्षा दीड लिटर जास्त पाणी काढावं लागलं, दोन्ही पायांत गोळे आले, रक्तदाब दोनदा घसरला. मर्लिनने पाऊण तास जादा पलंग दिला. परतीला पुलावर चाळीस मिनिटं गेली. द्वारकाबाईंनी सबंध रस्ता ओला रुमाल मानेवर ठेवला होता आणि एसी वाढवायला सांगितलं नाही. नायगाव मागे पडलं तेव्हा त्यांनी टॉवरांकडे पाहिलं नाही.

घरी आले तेव्हा अडीच वाजले होते. मीटरवर तेवीस होते.

मयूरचा फोन येऊन गेला होता. तुळशीदासांनी त्याला परत फोन करून सांगितलं की गाडी सावलीत ठेवली आहे. मयूर म्हणाला, हमी वाया जाईल. ते हो म्हणाले. आता नीट सांभाळली तर बॅटरी आठ वर्षांत सत्तरच्या खाली बहुधा जाणार नाही आणि कंपनी ती कधीच बदलून देणार नाही, हा हिशेब त्यांना मयूरइतकाच कळला होता. आठ वर्षांनंतरही ती दर उन्हाळ्यात थोडी थोडी उतरत जाईल. तोवर जवळच्या केंद्रातून फोन आला तर बरं.

द्वारकाबाई भाताचे चार घास खाऊन आडव्या झाल्या. झोपण्यापूर्वी त्यांनी किती उरले ते विचारलं आणि आकडा ऐकून कूस बदलली. बॅटरी गरम होती. प्लग लावायला अजून दोन तास होते. तुळशीदास पंप लावायला वाडीत गेले. पुढची खेप मंगळवारी होती.